मार्कशीटवरचा सीजीपीए येतो कुठून? क्रेडिट समजलं की बाकी सगळं सोपं आहे

रिझल्ट लागला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पर्सेंट?" मग कॉलेजला जाणारी मुलगी सांगते, सात पॉइंट आठ, आणि काका-मामा मनातल्या मनात दहाने गुणून मोकळे होतात, अठ्ठ्याहत्तर टक्के, छान छान. यात त्यांचा दोष काहीच नाही, कारण दहावी-बारावीपर्यंत गोवा बोर्डाच्या मार्कशीटवर आपण सगळ्यांनी टक्केच बघितलेत, आणि १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू व्हायच्या आधी ज्यांनी इथल्या कॉलेजांतून मुंबई विद्यापीठाची डिग्री घेतली त्यांच्या डोक्यात तर अजून फर्स्ट क्लास, सेकंड क्लासच पक्कं बसलेलं आहे. पण वाईट वाटतं ते याचं की स्वतः शिकणाऱ्या मुलांनाही हा सीजीपीएचा आकडा, म्हणजे सगळ्या पेपरांची मिळून दहापैकी येणारी सरासरी, कसा बनतो ते कोणी नीट बसून सांगत नाही, मग तिसऱ्या वर्षाला एखादा फॉर्म भरताना धावपळ होते आणि तोपर्यंत हातातल्या बऱ्याच गोष्टी निघून गेलेल्या असतात. म्हणून हे लिहितोय, जरा सावकाश वाचा, जवळ पेन-कागद असेल तर अजून बरं.

आधी ग्रेडचं बघू, ते पटकन होतं. तुमच्या पेपरचे मार्क म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणाऱ्या परीक्षांचे (आयएसए) आणि सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेचे (एसईए) मिळून जे होतात ते. त्या बेरजेवरून एक अक्षर मिळतं आणि प्रत्येक अक्षराला एक ठरलेला पॉइंट असतो. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जी दहा पॉइंटची पट्टी दिली आहे ती अशी: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसता पास ४, आणि एफ म्हणजे शून्य. परीक्षेला गैरहजर राहिलात तरी शून्यच. आता किती मार्कांना कुठलं अक्षर मिळणार हे मात्र सगळीकडे सारखं नसतं, ते ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं, स्वायत्त कॉलेज असेल तर तिथलेही नियम बघावे लागतात. तो तक्ता बहुतेक वेळा मार्कशीटच्या मागच्या बाजूला छापलेला असतो आणि तिथेच कोणी बघत नाही. तो आधी वाचा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता क्रेडिट. माझ्या मते सगळी गडबड इथेच होते. मुलं ग्रेड बघतात, पॉइंट बघतात, पण शेजारच्या रकान्यात ४, ३, २ असे जे छोटे आकडे असतात त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. क्रेडिट म्हणजे त्या पेपरचं वजन. साधारण हिशोब असा की आठवड्याला एक तास थिअरी असेल तर एक क्रेडिट, आणि प्रॅक्टिकल असेल तर दोन तासांना एक क्रेडिट. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे साठ तासांची शिकवणी. सायन्सवाल्यांना तीन क्रेडिट थिअरी आणि एक क्रेडिट प्रॅक्टिकल असा पेपर असतो, तिथे त्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास लॅबमध्ये उभं राहावं लागतं, त्यामुळे "एकच तर क्रेडिट आहे" म्हणून लॅब सोडणाऱ्यांनी वेळेचा हिशोब एकदा करून बघावा.

वजनाने सरासरी कशी बदलते ते बाजारातल्या हिशोबाने चटकन कळेल. समजा तुम्ही एक किलो इसवण ८०० रुपयांनी घेतला आणि तीन किलो बांगडे २०० रुपये किलोने. तर किलोमागे सरासरी किती पडले? कोणी म्हणेल ८०० आणि २०० ची सरासरी ५००. पण तुमच्या खिशातून गेले ८०० अधिक ६०० म्हणजे १४००, आणि पिशवीत आहे चार किलो मासळी, म्हणजे किलोला पडले ३५०. बांगडे जास्त होते म्हणून सरासरी बांगड्यांकडे ओढली गेली. सीजीपीए मध्ये नेमकं हेच होतं, जास्त क्रेडिटचा पेपर सरासरीला आपल्याकडे ओढतो.

एक पूर्ण सेमिस्टर करून बघू. डिचोलीची एक मुलगी धरा, नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे पहिलं सेमिस्टर, एकूण २० क्रेडिट. मेजर, म्हणजे मुख्य विषयाचा पेपर ४ क्रेडिटचा, त्यात तिला बी प्लस म्हणजे ७. मायनर, म्हणजे जोडीच्या विषयाचा, ४ क्रेडिटचा, त्यात ए म्हणजे ८. मल्टिडिसिप्लिनरी ३ क्रेडिटचा, त्यातही ए, ८. मराठीचा भाषेचा पेपर २ क्रेडिटचा, त्यात ओ, १०. स्किलचा ३ क्रेडिटचा, त्यात ए प्लस, ९. पर्यावरणाचा व्हॅल्यू ॲडेड पेपर २ क्रेडिटचा, त्यात ओ, १०, आणि अजून एक व्हॅल्यू ॲडेड २ क्रेडिटचा, त्यात ए प्लस, ९.

प्रत्येक ठिकाणी क्रेडिट गुणिले पॉइंट करायचं. मेजरचे ४ × ७ = २८. मायनरचे ४ × ८ = ३२. मग ३ × ८ = २४, मराठीचे २ × १० = २०, स्किलचे ३ × ९ = २७, पर्यावरणाचे २ × १० = २०, आणि शेवटचे २ × ९ = १८. सगळ्यांची बेरीज १६९. याला एकूण क्रेडिटने म्हणजे २० ने भागलं की ८.४५. हा झाला तिचा एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमिस्टरचा ग्रेड पॉइंट ॲव्हरेज. झालं, एवढंच आहे, यात कुठेही अवघड गणित नाही.

पण आता गंमत बघा. तिने क्रेडिट न बघता नुसते सात पेपरांचे पॉइंट एकमेकांत मिळवले असते, ७, ८, ८, १०, ९, १०, ९, तर बेरीज ६१ आणि भागिले ७ केल्यावर ८.७१ आलं असतं. मार्कशीटवर ८.४५ बघून तिला वाटलं असतं की कॉलेजने काहीतरी चुकवलंय. चुकलेलं काही नाही, तिला दहा-दहा पॉइंट मिळाले ते हलक्या पेपरांत आणि सगळ्यात कमी मिळाले ते चार क्रेडिटच्या मेजरमध्ये. हे मी मुद्दाम असं घेतलंय कारण खरोखरच्या मार्कशीटमध्ये हे चित्र खूप दिसतं, मुलं सोप्या पेपरांत मन लावून ओ आणतात आणि मेजरला "बघू नंतर" करतात.

याच मुलीने मेजरमध्ये एक पायरी वर चढून बी प्लसच्या जागी ए आणला असता तर बेरीज १७३, एसजीपीए ८.६५. म्हणजे ०.२० वाढ. तेवढेच कष्ट दोन क्रेडिटच्या पेपरवर घालून ए प्लसचा ओ केला असता तर बेरीज १७१, एसजीपीए ८.५५, वाढ फक्त ०.१०. चतुर्थीच्या सुट्टीनंतर अभ्यासाला किती कमी दिवस उरतात ते इथल्या मुलांना सांगायला नको, ते दिवस कुठल्या पेपरला द्यायचे हे ठरवताना हा क्रेडिटचा रकाना समोर ठेवा. आणि पेपर राहिला तर? मेजरमध्ये एफ आला तर २८ पॉइंट जातात पण भागायला २० क्रेडिट तसेच राहतात, मग १४१ भागिले २०, म्हणजे ७.०५. एका पेपरने जवळजवळ दीड पॉइंट खाली. बऱ्याच ठिकाणी पेपर सुटेपर्यंत मार्कशीटवर एसजीपीए छापतच नाहीत, पेपर काढला की नवीन ग्रेड धरून हिशोब होतो, पण तोपर्यंतचा मनस्ताप आणि पुढच्या सेमिस्टरवर येणारा बोजा वेगळाच. काही पेपर क्रेडिट नसलेलेही असतात, त्यात नुसतं समाधानकारक किंवा असमाधानकारक असा शेरा मिळतो, ते या बेरजेत धरायचेच नाहीत.

आता सीजीपीए. सी म्हणजे क्युम्युलेटिव्ह, आजवरच्या सगळ्या सेमिस्टरचा मिळून. इथेही तीच पद्धत, फक्त पेपरच्या जागी सेमिस्टर. आपल्या मुलीला दुसऱ्या सेमिस्टरला ७.५५ मिळाले, क्रेडिट २०, म्हणजे पॉइंट १५१. पहिल्याचे १६९ अधिक १५१ म्हणजे ३२०, भागिले ४० क्रेडिट, सीजीपीए ८.००. दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट सारखे असले की ८.४५ आणि ७.५५ ची सरळ सरासरी काढली तरी ८ च येतं, म्हणून मुलांची समजूत होते की नेहमी एसजीपीएची सरळ सरासरी काढायची. पण एखाद्या सेमिस्टरला १६ क्रेडिट आणि दुसऱ्याला २४ असले तर गडबड. १६ क्रेडिटला ९ म्हणजे १४४ पॉइंट, २४ क्रेडिटला ७ म्हणजे १६८, बेरीज ३१२, भागिले ४०, उत्तर ७.८०. सरळ सरासरी सांगते ८. हा ०.२० चा फरक एखाद्या ॲडमिशनच्या कटऑफला फार मोठा असतो.

या सगळ्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे, तो म्हणजे उलटा हिशोब. मुलं नेहमी विचारतात, आता माझा सीजीपीए वाढेल का? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरजच नाही. तीन वर्षांची डिग्री १२० क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ची. समजा चार सेमिस्टर झाली, ८० क्रेडिट, सीजीपीए ७.२०. म्हणजे खात्यात जमा पॉइंट ८० × ७.२ = ५७६. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ८.०० हवाय, तर १२० × ८ = ९६० पॉइंट लागणार. बाकी राहिले ३८४, आणि ते मिळवायला हातात क्रेडिट उरले ४०. ३८४ भागिले ४० म्हणजे ९.६. दोन्ही सेमिस्टरना सरासरी ९.६, म्हणजे निम्म्याहून जास्त क्रेडिटला ओ आणि उरलेल्यात ए प्लसच्या खाली घसरायचं नाही. ज्याला आजवर ७.२ मिळत आलंय त्याला हे जवळजवळ अशक्य आहे, आणि हे त्याला पाचव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कळलं तर उगाच स्वतःला दोष देत बसणार नाही. त्यानेच ७.५० चं टार्गेट ठेवलं तर लागतात ९०० पॉइंट, बाकी ३२४, भागिले ४०, म्हणजे ८.१. हे कष्टाचं आहे पण होण्यासारखं आहे.

या उदाहरणावरून अजून एक गोष्ट लक्षात येईल. पहिल्या सेमिस्टरला एक पॉइंट वर-खाली झाला की तेव्हा अख्खा सीजीपीए एक पॉइंटने हलतो. सहाव्या सेमिस्टरला तेवढाच फरक पडला तर आधीची १०० क्रेडिट जमलेली असल्यामुळे सीजीपीए जेमतेम ०.१७ ने हलतो. शेवटी डिग्रीच्या बेरजेत पहिल्या आणि सहाव्या सेमिस्टरचं वजन सारखंच, पण पहिल्या वर्षी पडलेला खड्डा भरायला नंतर फार जोर लावावा लागतो. म्हणून "पहिलं वर्ष काय, असंच" असं मोठ्या भावंडांनी सांगितलेलं अजिबात ऐकू नका. चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर युजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के किंवा जास्त अशी अट आहे, म्हणजे पहिलं सेमिस्टरही त्यात मोजलं जातं. गोव्यात नवीन धोरणाची पहिली बॅच २०२३-२४ ला बसली, त्यामुळे ज्यांची मोठी भावंडं जुन्या पद्धतीने शिकली त्यांच्या घरात ही अट माहीतच नसते.

आता परत त्या दहाने गुणण्याकडे येऊ. समजा तुमच्या तक्त्यात ६५ पासून ७५ च्या आतपर्यंत ए ग्रेड आहे. एका मुलाला प्रत्येक पेपरला ६५, दुसऱ्याला प्रत्येक पेपरला ७४. दोघांनाही सगळीकडे ए, दोघांचाही सीजीपीए ८.००. दहाने गुणलं तर दोघेही ऐंशी टक्के, आणि खरे टक्के बघितले तर एकाला ६५ आणि दुसऱ्याला ७४, ऐंशीच्या जवळ कोणीच नाही. आणि ज्या तिसऱ्याला सगळीकडे ६४ मिळाले तो एका मार्कासाठी सात पॉइंटवर. ग्रेड पद्धतीत मार्कांमधला बारीक फरक पुसला जातो, हे तिचं वैशिष्ट्यही आहे आणि माझ्या मते कमतरताही, पण एकदा पुसलेला फरक गुणाकाराने परत मिळत नाही हे पक्कं.

मग टक्के मागणाऱ्या फॉर्ममध्ये काय भरायचं? सूत्रं बरीच फिरत असतात. इंटरनेटवर सगळ्यात जास्त दिसतं ते ९.५ ने गुणायचं, पण ते सीबीएसईच्या शाळेतल्या दहावीच्या जुन्या ग्रेड पद्धतीचं आहे, विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. इंजिनिअरिंगसारख्या टेक्निकल कोर्ससाठी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, दिलेल्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. आता ८.०० वर तिन्ही लावून बघा: दहाने गुणून ८०, सीबीएसईच्या सूत्राने ७६, एआयसीटीईच्या ७२.५. एकच विद्यार्थी, एकच मार्कशीट, आणि ७५ ची अट असेल तर दोन सूत्रांनी आत, एका सूत्राने बाहेर. म्हणून स्वतःच्या मनाने सूत्र निवडू नका. तुमच्या विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं जे अधिकृत सूत्र असेल तेच वापरा, परीक्षा विभागातून तसं पत्र मिळतं का विचारा, आणि फॉर्ममध्ये सीजीपीए दहापैकी असा भरायची सोय असेल तर तोच भरा, टक्क्यांच्या भानगडीत पडूच नका.

एका कॉलेजचा सीजीपीए दुसऱ्याशी ताडून बघणं हेही असंच फसवं. झुवारीनगरच्या बिट्स पिलानीच्या कॅम्पसमध्ये रिलेटिव्ह ग्रेडिंग असतं, म्हणजे तुमचा ग्रेड तुमच्या मार्कांबरोबर वर्गातल्या बाकीच्यांना किती मिळाले त्यावरही ठरतो, शिवाय तिथे ए मायनस ९, बी ८, बी मायनस ७ अशी पट्टी, तिथला बी म्हणजे इथला ए. त्यामुळे शेजारच्या मुलाला तिथे ७.५ आहेत आणि आपल्या मुलीला म्हापशाच्या किंवा खांडोळ्याच्या कॉलेजात ८.२, यावरून कोण हुशार ते ठरत नाही, आणि घरी आई-बाबांनी ही तुलना जेवताना काढू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी थोडंसं, कारण गोव्यातून बरीच मुलं जातात. अमेरिकेत पट्टी चारची असते, ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, पण ८.०० ला चारने गुणून दहाने भागून ३.२ लिहायचं नाही, तिकडच्या मूल्यांकन संस्था एकेक पेपर घेऊन त्याचा ग्रेड आणि क्रेडिट बदलून हिशोब करतात. पोर्तुगालमध्ये वीसपैकी मार्क असतात आणि दहाला पास. जर्मनीत सगळं उलटं, १ म्हणजे सर्वात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. तिथे एक सूत्र सर्रास वापरतात: सर्वात जास्त शक्य ग्रेडमधून तुमचा ग्रेड वजा करा, त्याला सर्वात जास्त आणि पासचा ग्रेड यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहाची पट्टी आणि ४ ला पास धरला तर ८.०० साठी २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०. सात असतील तर २.५.

हे सगळं हाताने करायला नको असेल तर गूगल शीट उघडा, एका रकान्यात क्रेडिट, दुसऱ्यात पॉइंट, तिसऱ्यात दोघांचा गुणाकार, खाली बेरीज, पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर दोन दशांशांपर्यंत काढायचं, मधल्या पायरीला राउंड ऑफ करायचं नाही, फक्त शेवटी. आणि आलेलं उत्तर मार्कशीटवरच्या आकड्याशी ताडून बघा, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात, तुमच्या आयडीवर तेवढेच क्रेडिट दिसतात का तेही बघा, कारण कॉलेज बदलताना किंवा मध्ये शिक्षण थांबवून परत सुरू करताना तीच नोंद उपयोगी पडते.

रिचेकिंग आणि रिव्हॅल्युएशनला पैसे भरायच्या आधीही तो मागचा तक्ता काढा. तुम्हाला ६६ आहेत आणि पुढचा ग्रेड ७५ ला सुरू होतो तर चार मार्क वाढून ७० झाले तरी ग्रेड तोच, पॉइंट तोच, सीजीपीएला काहीच फायदा नाही. पण ७३ असतील, पेपर चार क्रेडिटचा असेल आणि उत्तर चांगलं लिहिलं होतं याची खात्री असेल, तर मुदत संपायच्या आत अर्ज जरूर करा.